दोराचं दुसरं टोक

कडा दिसायच्या आधी त्याचा वास आला. आर्मगारने गाडीची काच खाली केली आणि तो चौघांच्याही नाकात भरला. मासळी, ओला चुना आणि उन्हात तापलेली लोकर एकत्र केली तर जसा वास येईल, तसा तो होता. तिच्या शेजारी बसलेल्या हानुसला तो ओळखीचा होता; त्याच्या वडिलांच्या स्वेटरला जून महिन्यात हाच वास यायचा. आई तो स्वेटर घरात येऊ देत नसे. मागच्या दाराबाहेर खुंटीला टांगायला लावी आणि ऑगस्टपर्यंत तो तिथेच राही.

"आला," मागच्या सीटवरून तोराल्वुर म्हणाला. "चोपन्न वर्षांनी."

"अजून कडा यायचाय, म्हाताऱ्या," शेजारचा एयुन म्हणाला. "आत्ता नुसता वास आलाय. तुझं नाक तुझ्यापुढे दोन मैल धावतं."

एकविसाव्या वर्षी तोराल्वुर मासेमारीच्या बोटीवर होता. आइसलंडच्या पश्चिम टोकाला बोट या कड्याखालून गेली. कप्तानाने भोंगा वाजवला, कड्यावरून पक्षी उठले आणि भर दुपारी डेकवर सावली पडली. ही हकीगत त्यांच्या गावी, फेरोमधल्या स्कुवॉय बेटावर, गेली चोपन्न वर्षं दर हिवाळ्यात सांगितली जात होती. ऐकणाऱ्यांनी आधीच हुंकार द्यायला सुरुवात केली तरी तोराल्वुर थांबत नसे. तो कडा वरून बघायचा राहिला, हे त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं. यंदा तो पंच्याहत्तर वर्षांचा झाला, तेव्हा एयुनने सगळ्यांच्या वतीने जाहीर केलं, की ही गोष्ट पुन्हा ऐकण्यापेक्षा म्हाताऱ्याला तिथे नेऊन आणणं कमी त्रासाचं.

म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात ते निघाले. फेरोहून बोटीने आइसलंडचा पूर्व किनारा, तिथून आर्मगारच्या गाडीने दोन दिवस आडवा देश कापत पश्चिमेला. कड्यावर दोर सोडणाऱ्या त्यांच्या टोळीत एकूण नऊ जण. बाकीच्या पाचांना मेंढ्या होत्या, होड्या होत्या, एकाला नवीन सून होती. हे चौघे मोकळे होते. निदान तिघे मोकळे होते. हानुस का आला, हे त्याचं त्यालाच माहीत होतं.

हानुस चौसष्ट वर्षांचा होता आणि टोळीत दोरावर उतरणारा तो एकटाच. तेविसाव्या वर्षी वडिलांनी अंड्यांची झोळी त्याच्या कमरेला बांधली, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली होती. दर जूनमध्ये लोम्वी अंडी घालतात, तेव्हा टोळी कड्यावर जमते. लोम्वी म्हणजे काळ्या पाठीचे, पांढऱ्या पोटाचे पक्षी. घरटं बांधत नाहीत, उघड्या दगडावर एकच अंडं ठेवतात. कड्याच्या ओठावर पालथा पडून तोराल्वुर खाली बघतो आणि हाताने खुणा करतो. त्याच्यामागे गवताच्या उतारावर सात जण एकामागे एक बसतात, जमिनीत खणलेल्या पावठ्यांत टाचा रुतवून, दोर मुठीत धरून. शेवटचा माणूस दोराची वेटोळी सांभाळतो. त्या शेवटच्या जागी गेली तीस वर्षं एयुन बसत होता. आर्मगार मधली. तिचा नवरा गेला तेव्हा त्याची पावठी रिकामी राहिली. पुरुष मिळेना, म्हणून तात्पुरती तिला बसवली. त्या तात्पुरत्याला नऊ वर्षं झाली होती.

टोळीची एक रीत होती. हानुस वर आला, की झोळीतलं पहिलं अंडं ओळीतल्या शेवटच्या माणसाला जायचं. हानुस ते पहिल्याच्या हातात द्यायचा आणि ते हातोहात मागे सरकत जायचं. शेवटच्याला कडाही दिसत नाही, समुद्रही दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. म्हणून पहिलं अंडं त्याचं. एयुनच्या पोटाकडे बघून लोक म्हणत, रीत जरा जास्तच पाळली गेली.

यंदा मात्र हे सगळं होणार की नाही, ते ठरायचं होतं. फेब्रुवारीत होडीघरात टोळी जमली, तेव्हा तोराल्वुरनेच विषय काढला. कड्यातल्या खालच्या दगडी ओट्यांवरून लोम्वी गेल्या आहेत असं हानुस दोन वर्षं सांगतोय. पक्षीच नसतील तर दोर सोडण्यात अर्थ नाही. दोर कायमचा गुंडाळून ठेवावा. आठ जूनला पुन्हा जमून नक्की करू असं ठरलं आणि सगळे घरी गेले. हानुस सगळ्यांच्या शेवटी निघाला. होडीघराला कडी त्यानेच घातली.

लोम्वी गेल्या आहेत की नाहीत, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोन वर्षांत तो तिथवर उतरलाच नव्हता.

स्कुवॉयच्या कड्यावर ओट्यांना नावं आहेत. तीस वावांवर, म्हणजे दोन्ही हात पसरून तीसदा मोजलं की, 'बाकडं' लागतं. तिथे पक्षी चर्चमधल्या बायकांसारखे खांद्याला खांदा लावून उभे असतात. त्याच्या खाली कडा आत वळतो आणि सत्तर वावांवर 'तळघर' येतं. ते होडीतून दिसत नाही, वरूनही दिसत नाही. तिथे काय आहे ते दोरावरच्या माणसालाच दिसतं आणि तो सांगेल ते गाव मानतं. हानुसच्या वडिलांच्या काळात तळघरातून दिवसाला चारशे अंडी निघत. गावातल्या बायका चुलाणावर मोठी पातेली चढवून बसत. लोम्वीच्या अंड्यावरची नक्षी एका पक्ष्याची दुसऱ्याशी जुळत नाही. दान्याल, म्हणजे हानुसचे वडील, अंडं हातात घेऊन सांगायचे, ही कोपऱ्यातली, ही चिडकी, ही गेल्या साली उशिरा आली होती. लहानपणी हानुसला वाटे, बाप थापा मारतो. पुढे स्वतः उतरायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी त्यालाही कोपऱ्यातली ओळखू आली.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तो बाकड्यावर टेकला होता. वरून एक दगड सुटला. त्याला लागला नाही, हातभर अंतरावरून गेला. असे दगड त्याने शेकड्याने पाहिले होते. पण त्या दिवशी त्याने दगडामागे नजर सोडली. दगड छोटा होत गेला, आणि मग समुद्रच वर यायला लागला. हानुसने गाल दगडाला लावला आणि डोळे मिटले. पक्षी त्याच्या बोटांवर चोची मारत होते. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. मग त्याला सुचलं ते असं: दोर हाताने ओढून घ्यायचा. तीन हात, थांबायचं, तीन हात. चाळीस वाव दोर त्याने तसा मांडीवर ओढून घेतला, वरून दिसणार नाही असं आत सरकून बाकड्यावर वेटोळं केलं. वरच्यांना वाटेल, हानुस तळघरात उतरला. तासाभराने त्याने वर ओढण्याची खूण केली. झोळीत बाकड्यावरचीच अकरा अंडी होती.

"तळघर?" तोराल्वुरने विचारलं होतं.

"रिकामं," हानुस म्हणाला होता.

पुढच्या वर्षीही तसंच. मग गावात सगळेच म्हणू लागले, लोम्वी चालल्या. दुकानात म्हणू लागले, चर्चनंतरच्या कॉफीला म्हणू लागले. समुद्र गरम होतोय, मासळी उत्तरेला सरकतेय, दुसऱ्या बेटांवरही असंच आहे. ते खोटंही नव्हतं. दुसऱ्या बेटांवर पक्षी खरंच कमी झाले होते. ऐकता ऐकता हानुसचाही त्यावर अर्धा विश्वास बसला. आणि आता नुसतं गप्प राहिलं की झालं, आठ तारखेला दोर कायमचा खुंटीला जाणार होता. त्याला पुन्हा कधी उतरावं लागणार नव्हतं. कुणाला कधी कळणारही नव्हतं.

या परदेशी कड्यावर तो एवढ्याचसाठी आला होता. या तिघांखेरीज इथे त्याला ओळखणारं कुणी नाही. एकदा कडेला जाऊन खाली बघायचं. बघता आलं, तर घरी जाऊन म्हणायचं, यंदा एकदा उतरतो, तळघर पुन्हा पाहतो. नाही आलं तर गप्प बसायचं.

गाडी दीपस्तंभापाशी थांबली. पुढे वाट पायी होती. डावीकडे गवताचा उतार चढत गेला होता आणि उजवीकडे जमीन संपत होती. ती जिथे संपत होती तिथे माणसं पालथी पडली होती, रंगीबेरंगी जाकिटं घालून, कॅमेरे पुढे धरून. त्यांच्या नाकापुढे हातभरावर रंगीत चोचीचे लुंडी बसले होते आणि फोटो काढून घेत होते.

"हे बघ," एयुन म्हणाला. "आपल्याकडे हा पक्षी माणूस दिसला की बिळात पळतो. इथे केस विंचरून बसलाय."

"आपल्याकडे आपण त्याला खातो," आर्मगार म्हणाली. "तूसुद्धा पळशील."

"मी कुठे पळतोय. मला ओढून पळवेल एवढा दोर अजून वळला नाही कुणी."

तोराल्वुर त्यांच्याकडे लक्ष देत नव्हता. तो चालता चालता थांबला होता. कड्याखालून आवाज येत होता. एकेका पक्ष्याचा नाही. हजारोंचा मिळून एक, दूरच्या जत्रेसारखा, न थांबणारा. हानुसच्या लहानपणी स्कुवॉयवर हा आवाज गावापर्यंत ऐकू यायचा. वारा पश्चिमेचा असला की आई म्हणायची, आज ते जागे आहेत. रात्री अंथरुणात पडल्यावर तो आवाज खिडकीशी असायचा, आणि हानुसला तो आवाज म्हणजेच झोप वाटायची. तो कधी थांबला, ते आठवत नव्हतं. आवाज एका दिवसात थांबत नाही. एखाद्या रात्री तो नसतो, आपण म्हणतो वारा फिरला असेल.

"तेव्हा बोटीवर इंजिन होतं," तोराल्वुर हळूच म्हणाला. "हा आवाज मी ऐकलाच नव्हता."

कड्याचं निरीक्षण सुरू झालं. सुताराने दुसऱ्या सुताराचं कपाट बघावं तसं तिघे बघत होते. गवताची कड पोकळ आहे, लुंड्यांनी खालून पोखरलीय, इथे दोर सरकायचा रूळ बसवता येणार नाही. तिकडे काळा खडक वर आलाय, तिथे बसेल. पावठ्या खणायला माती चांगली आहे. पण ओळ कुठे बसणार, उतार उलटा आहे. तोराल्वुर म्हणाला, इथल्या लोकांनीही जुन्या काळी दोर सोडलेच होते, काहीतरी युक्ती असणार. एयुन म्हणाला, युक्ती एकच, माझ्यासारखा माणूस शेवटी बसवायचा.

हानुस मागे राहिला होता. आधी त्याने बुटाची नाडी बांधली. मग ती सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "तुम्ही बघा, मी पिशवी सांभाळतो." पिशवीत वाळवलेलं मटण होतं, पाव होता आणि मुक्कामाच्या घरच्या बाईने सकाळी उकडून दिलेली कोंबडीची अंडी. ती सांभाळायला त्या माळावर चोर कुठून येणार होता, हे कुणी विचारलं नाही.

तोराल्वुर काळ्या खडकापाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि मग पालथा झाला. म्हाताऱ्याची हाडं कुरकुरली असतील, पण एकदा पोट जमिनीला टेकल्यावर तो सराईतासारखा सरकला, कोपरांवर, थेट ओठापर्यंत. आर्मगार त्याच्या डावीकडे गेली. एयुन त्याच्या पायांपाशी बसला आणि सवयीने त्याचा घोटा धरला.

तोराल्वुर नजरेने एकेक ओटा खाली उतरत गेला.

"हानुस," तोराल्वुरने मान न वळवता हाक मारली. "इकडे ये. माझे डोळे आता ह्या कामाचे राहिले नाहीत. वरचे ओटे भरलेत, ते दिसतंय. खाली, जिथे कडा आत वळतो, तिथे आहेत का बघून सांग."

आयुष्यभर हानुस खाली बघून वर सांगत आला होता; त्यात नवीन काही नव्हतं. हानुसने पिशवी खाली ठेवली. तो गेला, गुडघ्यांवर बसला, पालथा झाला. गवत ओलं आणि गार होतं. एक कोपर पुढे, मग दुसरं. ओठापासून दोन हातांवर त्याचं शरीर थांबलं. त्याने थांबवलं नव्हतं. समोर नुसतं आभाळ होतं आणि त्यात पक्षी खालून वर येत होते, क्षणभर दिसून पुन्हा खाली जात होते. त्याने बोटं गवतात रुतवली आणि गाल जमिनीला लावला.

"दिसतात का?" तोराल्वुर म्हणाला.

खालपर्यंत भरलेत, एवढं म्हटलं की झालं असतं. किंवा रिकामे आहेत. इथे काहीही सांगितलं असतं तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. हा कडा त्यांचा नव्हता, हे पक्षी त्यांचे नव्हते. शब्द तयार होते. दोन वर्षांत त्यांची जिभेला सवय झाली होती. पण तो आवाज खालून सारखा येत होता आणि त्या आवाजापुढे खोटं बोलायला त्याला तोंड उघडवेना.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "मी बघतच नाहीये. माझे डोळे मिटलेत."

गाल जमिनीला तसाच ठेवून तो पुढे बोलू लागला.

"आणि आपल्या तळघरातसुद्धा मी गेलो नाहीये. दोन वर्षं. तिथे लोम्वी आहेत का गेल्या, मला माहीत नाही. रिकामं आहे असं मी न बघता सांगितलं."

"कुठपर्यंत उतरत होतास?" तोराल्वुरने विचारलं.

"बाकड्यापर्यंत. बाकीचा दोर मांडीवर ओढून घेत होतो."

"चाळीस वाव," मागून एयुन म्हणाला. "पहिल्या वर्षी चाळीस. गेल्या वर्षी अडतीस ओढलेस. आळस केलास."

हानुसने डोळे उघडले. गवताची पाती, त्यापलीकडे म्हाताऱ्याचा बूट, त्यापलीकडे एयुनचा लाल चेहरा.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोर आमच्याच हातात असतो ना रे," एयुन म्हणाला. "माणूस उतरतो तेव्हा दोर ओझं घेऊन जातो. तू ओढत होतास तेव्हा तो रिकामा जात होता, हिसके देत. तीन हात, थांब. तीन हात, थांब. जाळं ओढतात तसा. पोरालासुद्धा कळलं असतं. आणि त्याच्या आधी तू दगडाला चिकटून बसलास, तेव्हा थरथर मागे माझ्यापर्यंत येत होती. दोराला दोन टोकं असतात, बाबा. तू आपलं एकच धरून बसलास."

"मला पहिल्या वर्षी नाही कळलं," आर्मगार म्हणाली. "मला वाटलं, खाली बसून जेवतोयस."

एयुन हसला. हानुसने गवतात रुतवलेली बोटं सोडवली.

"मग कुणी बोललात का नाही?"

"दोरावरच्या माणसाबद्दल ओळीत बोलायचं नसतं," तोराल्वुर म्हणाला. तो अजून खालीच बघत होता. "त्याने स्वतः सांगायचं. ही रीत मी नाही काढली. तुझ्या बापाने मला शिकवली."

"आणि दोर गुंडाळायचं तू काढलंस, ते?"

"तुला खाली न पाठवायचा दुसरा मार्ग सुचला नाही. पक्षी नाहीत म्हटलं की कुणाची मान खाली जात नाही." म्हाताऱ्याने आता मान वळवली. "दान्यालने झोळी तुझ्या कमरेला बांधली, तेव्हा काय कारण सांगितलं होतं?"

"गुडघा दुखतो म्हणाले."

"त्यानंतर बावीस वर्षं तो मेंढ्यांमागे डोंगर चढला. कधी गुडघा धरून बसलेला पाहिलास त्याला?"

हानुस आठवू लागला. ऐंशीव्या वर्षी बाप माथ्यावर उभा होता, काठी न घेता, कुत्र्यावर ओरडत. झोळी बांधताना मात्र त्याचे हात बराच वेळ बकलाशी अडखळत होते. तेविसाच्या हानुसला वाटलं होतं, बापाला भरून आलंय. बाप एवढंच म्हणाला होता, "बूट कोरडे ठेव." आणि मग ओळीत जाऊन बसला होता. पुन्हा तो कड्याच्या कडेला कधी आला नाही. मुलगा वर आला की ओळीतूनच विचारायचा, कोपऱ्यातली आहे का.

"त्याचाही दोर तुझ्या हातात होता?" हानुसने विचारलं.

"मी तेव्हा ओळीत चौथा होतो," तोराल्वुर म्हणाला. "दोर माझ्याही मुठीतून जायचा."

हानुस मागे सरकला आणि उठून बसला. पक्षी वर येत होते, खाली जात होते. त्याला वाटलं, आपण घाबरलो म्हणून एक पक्षी कमी झाला नाही आणि आपण एक्केचाळीस वर्षं उतरलो म्हणून एक वाढलाही नाही. तळघरात ते असतील किंवा नसतील. दोन वर्षं त्यांच्या तिथे असण्या-नसण्याचा हिशोब त्याने स्वतःच्या भीतीवरून केला होता, आणि सगळ्या गावाने त्यावर हळहळ केली होती. पक्ष्यांना त्यातलं काही कळलेलं नव्हतं.

"असतील का?" तो मोठ्याने म्हणाला.

"काय माहीत," आर्मगार म्हणाली. ती पालथीच होती, हनुवटी हातांवर ठेवून. "मी नऊ वर्षं ओळीत बसतेय. तळघर एकदाही पाहिलं नाही. माझ्या नवऱ्याने नाही पाहिलं, म्हाताऱ्याने नाही पाहिलं. तू नाही बघितलंस तर कुणी बघितलंच नाही म्हणायचं."

"मी आता नाही उतरू शकत, आर्मगार."

"तुला कोण सांगतंय." तिने मान वळवली. "बाकड्याच्या खाली कडा आत वळतो, तिथे पाय कुठे टेकायचा?"

एयुनने तोराल्वुरचा घोटा सोडला. "अगं बाई. तुझ्या वजनाला ओळीत सात नाही, दहा लागतील."

"तुझं पोट एकट्याने तिघांचं आहे. भागेल." मग पुन्हा हानुसला, "अंडी आणायला नाही म्हणत मी. फक्त बघायला. असतील तर असतील. नसतील तर दोर गुंडाळू, पण बघून गुंडाळू. पाय कुठे टेकायचा सांग."

हानुसला जागा आठवावी लागली नाही. फक्त ती आजवर त्याने शब्दांत कधी सांगितली नव्हती. बापानेही त्याला शब्दांत सांगितली नव्हती.

"टेकायचा नाही," तो म्हणाला. "तिथे सगळेच पाय शोधतात आणि गोल फिरायला लागतात. बाकडं सोडलं की दोन्ही पाय पोटाशी घे, तीन वाव नुसती लोंबकळ. उजवीकडे कमरेशी ओला काळा पट्टा येईल. तो खांद्याशी आला की मग पाय सोड. दगड आपसूक पायाखाली येतो."

"तीन वाव लोंबकळायचं."

"हो. आणि तेव्हा खाली बघू नकोस. पट्ट्याकडे बघ."

"पट्ट्याकडे," आर्मगार म्हणाली आणि पुन्हा कड्याकडे तोंड करून मनाशी काहीतरी मोजू लागली.

भूक लागली तेव्हा ते उतारावर, वाऱ्याच्या आड गेले. बसताना कुणी विचार केला नाही. तोराल्वुर कडेच्या बाजूला पुढे बसला, त्याच्यामागे आर्मगार, तिच्यामागे हातभर जागा सोडून एयुन, सगळे एकामागे एक, टाचा गवतात रुतवून. हानुस पुढे उभा राहिला. एक्केचाळीस वर्षं तो या ओळीकडे तोंड करून उभा राहायचा, झोळी घट्ट करायचा आणि मग पाठमोरा कडेवरून जायचा. ओळीत त्याची जागाच नव्हती.

"उभा काय राहिलास?" एयुन म्हणाला. "माझ्यामागे बस."

"मागे तू असतोस."

"तीस वर्षं होतो. आता सरकलो."

हानुस वळसा घालून एयुनच्या मागे गेला आणि बसला. टाचा रुतवल्या. समोर एयुनची पाठ होती, रुंद, स्वेटरची उसवलेली शिवण खांद्याशी. तिच्या वर आभाळाचा तुकडा. समुद्र दिसत नव्हता, कडा दिसत नव्हता. फक्त तो आवाज येत होता. बापाने शेवटची वर्षं हेच बघत काढली असणार, कुणाची तरी पाठ आणि एवढंसं आभाळ, आणि हातात दोर, त्याच्या टोकाला मुलगा.

कड्याची राखण करणारी तरुण बाई वाटेने जात होती. समुद्राकडे तोंड करून शेजारी शेजारी बसायचं सोडून ही चार माणसं आगगाडीच्या डब्यांसारखी का बसली आहेत, ते तिला समजेना. ती थांबली.

"कशाची वाट बघताय का?" तिने तिच्या भाषेत विचारलं. भाषा त्यांना अर्धी कळत होती, तेवढी पुरली.

"जेवणाची," एयुन म्हणाला.

ती हसून पुढे गेली. आर्मगारने पिशवी उघडली. पाव काढला, मटणाचा तुकडा काढला, सुरी काढली. मग एक अंडं काढून तिने ते क्षणभर मुठीत धरलं. मागे न बघता हात मागे केला.

एयुनने ते घेतलं. अंडं पांढरं होतं, कोंबडीचं, त्यावर नक्षी नव्हती की रंग नव्हता. त्याने ते जरा जास्तच वेळ हातात ठेवलं. तीस वर्षं पहिलं अंडं त्याच्यापाशी येऊन थांबत होतं. मग एक सुस्कारा टाकून त्याने हात खांद्यावरून मागे केला.

"घे," तो म्हणाला. "ही कोण आहे ते मला विचारू नकोस."

हानुसने अंडं घेतलं. हातांच्या उबेने ते कोमट झालं होतं. त्याने ते गुडघ्यावर आपटून फोडलं आणि सावकाश सोलायला लागला.